उताराची पट्टी

गुणवंत पारनाईक यांच्या घरामागे जमिनीची एक पट्टी होती. ती त्यांच्या मालकीची होती. तिला हात लावण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती. आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याला, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, भराव घालून वसवलेल्या त्या वसाहतीत घरांच्या दोन रांगा होत्या, एक वरची आणि एक खालची. दोहोंच्या मध्ये माणसाहून उंच असा मातीचा उतार होता. वरच्या घराची हद्द उताराच्या पायथ्याशी संपे, म्हणून उतार वरच्याचा. पण तो ढासळला तर जाणार खालच्याच्या अंगणात. घर घेताना जी नियमावली हाती पडली तिच्यात लिहिले होते की या पट्टीवर खणणे, माती घालणे, माती काढणे किंवा भिंत बांधणे, यांतले काहीही परवान्याशिवाय करू नये. गुणवंतरावांनी ती नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती आणि मगच सही केली होती.

वाचून सही करणे हा त्यांचा पेशाच होता. हमरिया फ्री झोनमधल्या एका केबलच्या कारखान्यात ते गुणवत्ता तपासणी विभागाचे प्रमुख होते. माल सदोष निघाला की तो कोणामुळे निघाला यापेक्षा कशामुळे निघाला हे ते आधी विचारत. कामगाराच्या हातून चूक झाली याचा त्यांना राग येत नसे. चूक दडवली याचा येई. दोष कुठे आहे ते लपवले की दुरुस्ती भलत्याच जागी होते, असे ते नव्याने लागलेल्या मुलांना सांगत. हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितले होते की त्याचा रोख कधी आपल्याकडे वळेल, अशी शक्यता त्यांच्या मनात उरली नव्हती.

त्यांच्या संसाराची बहुतेक वर्षे करामा या शहरी वस्तीतल्या दोन खोल्यांत गेली. मुलगी मिहिका तिथेच वाढली. करामात भाजी मिळे, पोळीभाजीचे डबे मिळत, दिवाळीत चकल्या मिळत, शेजारीपाजारी मराठी बोलणारी माणसेही मिळत. पायाखाली माती तेवढी नव्हती. एरवी याचे कोणाला काही वाटत नसे. गणपतीत मात्र वाटे. शाडूची मूर्ती टबात विरघळवली की तळाशी बसलेल्या त्या गाळाचे काय करायचे, हा प्रश्न त्या इमारतीतल्या प्रत्येक मराठी घराला दरवर्षी पडे. कोणी तो कुंडीत घाली. कुंडी भरली की पुढच्या वर्षी कुठे घालायचा हे ठाऊक नसे. कोणी पहाटे समुद्रावर जाऊन चोरासारखा ओतून येई. एकदोघांनी तो न्हाणीघरात वाहून जाऊ दिला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सुहासिनीबाईंनी घराचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी फार कारणे दिली नाहीत. "स्वतःची थोडी माती हवी," एवढेच त्या म्हणाल्या.

नव्या घरातल्या पहिल्या गणपतीला त्यांनी परसात खड्डा खणला. जागा निवडताना नवराबायकोने पुष्कळ विचार केला. पुढच्या अंगणात फरशी होती. एका बाजूला सांडपाण्याच्या टाकीचे झाकण होते, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे पाणी जाई. विसर्जनाचे पाणी सांडपाण्यात मिसळता कामा नये आणि ती माती पायदळी येता कामा नये, या दोन अटी घातल्यावर घरापासून सर्वांत लांबचा कोपरा तेवढा उरला. तो उताराच्या अगदी कडेवर, त्या पट्टीतच येत होता. नियमावली अक्षरशः वाचलेल्या माणसाने तिथे स्वतः फावडे चालवले. आपण परवान्याशिवाय खोदकाम करीत आहोत असे त्यांना वाटले नाही, कारण आपण खोदकाम करीत आहोत असेच त्यांना वाटले नाही. विसर्जन हे विसर्जन असते. माणसाच्या मनात धार्मिक कृत्यांचा आणि भौतिक कृत्यांचा हिशोब वेगवेगळ्या घरांत राहतो. जमिनीत मात्र सारे पाणी एकाच वाटेने मुरते.

पुढच्या वर्षी करामातले स्नेही निनाद कर्णिक आपली मूर्ती घेऊन आले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या ओळखीची आणखी काही घरे आली. ज्यांना माती नव्हती त्यांची माती होण्यात पारनाईक दांपत्याला एक शांत धन्यता वाटू लागली. शुक्रवारी सुट्टी साधून गाड्या येत, टबांची रांग लागे, दबक्या आवाजात आरती होई, आणि एकामागून एक टब त्या खड्ड्यात रिता केला जाई. सुहासिनीबाईंनी कडेने जास्वंदी लावल्या. त्या अशा फोफावल्या की निनाद म्हणे, "वहिनी, या जास्वंदी नव्हेत, ही आमच्या बाप्पांची पेन्शन आहे."

उताराच्या खाली, बरोबर पारनाईकांच्या मागे, मैमुनाबींचे घर होते. त्या मूळच्या दाभोळच्या. त्यांचा मुलगा शहरातल्या देऱ्यात, गलबतांच्या धक्क्याजवळ व्यापार करी आणि आठवड्यातून एकदा आईकडे येई. तेवढा दिवस सोडला तर मैमुनाबी एकट्या असत. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत उताराला जवळजवळ टेकलेली होती. गणपतीत वरून खाली मोदक जात आणि ईदला खालून वर शीरखुर्मा येई. वरच्या कडेला सुहासिनीबाई आणि खाली खुर्चीवर मैमुनाबी, अशा दोघी संध्याकाळी मान वर-खाली करून बोलत बसत.

मग एके वर्षी एप्रिलमध्ये पाऊस आला. या देशात अनेकांनी आयुष्यात पाहिला नव्हता असा. वसाहतीच्या वरचा रस्ता ओढा झाला आणि पाणी परसांतून धावत उतारावर कोसळले. रांगेतल्या बहुतेक घरांमागे उताराचा वरचा थर खरवडला गेला, इतकेच. पारनाईकांच्या मागे तसे झाले नाही. तिथे पाणी खड्ड्यात शिरले, वर्षानुवर्षे भिजून सैल झालेल्या भरावात त्याने आतल्या आत वाट काढली, आणि उतार पोटातून पोकळ होऊन एकदम बसला. जास्वंदी मुळांसकट खाली गेल्या. मैमुनाबींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत माती चढली आणि भिंतीला टेकून राहिली.

पाऊस थांबल्यावर गुणवंतरावांनी दोन मजूर आणि वाळूची पोती आणवली. मजुरांनी फावडी उचलली न उचलली तोच पहारेकरी आला आणि त्याच्या मागोमाग वसाहतीच्या कार्यालयातली संपदा आली. संपदा शारजात वाढलेली मराठी मुलगी. वरच्या रांगेतल्या सगळ्यांना ती काका-काकू म्हणे.

"काका, प्लीज, आधी फावडी खाली ठेवायला सांगा. सिक्युरिटीने फोटो काढलेत."

"अगं, खाली बाई एकटी आहे. भिंतीवर लोड आलाय तिच्या. निदान माती तरी बाजूला करू दे."

"बाजूला म्हणजे कुठे?"

गुणवंतरावांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले; दोन्हीकडे शेजाऱ्यांचाच उतार होता.

"तेच तर," संपदा म्हणाली. "स्लोपवर परमिटशिवाय काहीही नाही. काढायचं पण नाही, घालायचं पण नाही. कन्सल्टंट येईल, रिपोर्ट देईल, मग अप्रूव्हल. मी आजच मेल टाकते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत इन्शाल्ला दुसरा पाऊस नाही येणार."

हा नियम मूर्खपणाचा होता असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी याच रांगेत एका मालकाने आपली कड खचते म्हणून स्वखर्चाने भराव टाकला होता, आणि पुढच्या सरीत त्याच्या भरावाला अडून वळलेले पाणी शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात शिरले होते. उतार सलग असतो. मालकीच्या रेषा त्याला माहीत नसतात. एकाने आपल्यापुरते केलेले रक्षण हे दुसऱ्यावरचे आक्रमण ठरू शकते. म्हणून कोणीही एकट्याने मातीला हात लावू नये, आधी विचारावे, असा हा नियम. गुणवंतरावांना तो पटत होता. पटणाऱ्या नियमापुढे माणूस जितका असहाय असतो तितका न पटणाऱ्या नियमापुढे नसतो; त्याला संतापाचाही आधार उरत नाही.

पाहणीसाठी सल्लागार संस्थेचा अभियंता आला. त्याचे नाव जमाल. तो पेशावरचा होता आणि हिंदी-उर्दू बोले. त्या दिवशी मिहिकाही घरी आली होती. जमालने रांगेतली बाकीची घरे झटपट पाहिली. पारनाईकांच्या मागे मात्र तो बराच वेळ थांबला, खाली उतरला, पुन्हा वर आला.

"साब, बाकी सब जगह मिट्टी ऊपर से गई है. आप के यहाँ अंदर से गई है. यहाँ किसी ने खोदा था?"

सुहासिनीबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही.

"बाबा, इट वॉज द रेन," मिहिका म्हणाली. "एव्हरीवन नोज इट वॉज द रेन."

खरे उत्तर सांगायचे तर ते एका वाक्यात संपणारे नव्हते. खणले असे म्हटले की कशासाठी हे आले. पूजेसाठी म्हटले की कोण कोण आले होते, कोणाच्या परवानगीने जमले होते, हे येणार. येणारी घरे नोकरीवर आलेली होती आणि प्रत्येकाचे या देशातले वास्तव्य त्या नोकरीच्या व्हिसावर टांगलेले होते, गुणवंतरावांचेही. प्रत्यक्षात कोणी काही विचारले असते की नाही, सांगता येत नाही. पण ज्याचे राहणेच दुसऱ्याच्या अनुमतीवर असते तो न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे मनात देत राहतो.

"नहीं," गुणवंतराव म्हणाले. "बारिश से हुआ."

जमालने त्यांच्याकडे एकदा पाहिले. "ठीक है. फिर आप का केस पूरी लाइन के साथ जाएगा."

त्याचा अर्थ संपदाने नंतर समजावून दिला. पावसाने झालेले नुकसान साऱ्या रांगेचे. त्यासाठी एकच आराखडा, एकच परवाना, साऱ्या उताराला एकसारखी संरक्षक भिंत. तो मंजूर होईतो रांगेतल्या कोणीही आपापल्या मातीला हात लावायचा नाही.

उन्हाळा गेला. मैमुनाबींच्या भिंतीला मध्यभागी हलकासा फुगवटा आला. गुणवंतराव कारखान्यातून आले की कपडे न बदलता कडेशी जाऊन उभे राहत. कार्यालयात फोन केला की संपदा सांगे, फाइल वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, हे तिलाही नीट सांगता येत नसे.

"काय पाहता हो रोज?" सुहासिनीबाईंनी एकदा विचारले.

"काही नाही."

"मग आत या. पाहून माती वर चढत नाही."

भाद्रपद आला तसा निनादचा फोन आला. "गुणवंतराव, आमचे बाप्पा बुकिंग विचारतायत. समुद्रकिनारी नको म्हणाले, डोंगरपायथ्याचीच सवय झालीये."

"या वर्षी नको, निनाद. जागा गेली."

"गेली म्हणजे? कुणी घेतली?"

"वाहून गेली."

निनादने थट्टेचा सूर पुन्हा धरायचा प्रयत्न केला. "खलास. म्हणजे आमची कुंडी पुन्हा कामाला लागणार."

पारनाईकांनी आपली मूर्ती घरातच टबात विसर्जित केली. पाणी आटल्यावर खाली राहिलेला गाळ सुहासिनीबाईंनी एका बादलीत काढला आणि ती बादली मागच्या पडवीत ठेवली. पट्टीवर मूठभर मातीसुद्धा घालायची नव्हती. स्वतःची माती असावी म्हणून घेतलेल्या घरात, देवाची माती ठेवायला जागा नव्हती.

मोदक घेऊन त्या नेहमीप्रमाणे खाली निघाल्या तेव्हा गुणवंतरावही बरोबर गेले. एप्रिलनंतर ते मैमुनाबींच्या दारापर्यंत अनेकदा गेले होते; स्वयंपाकघरात मात्र आज प्रथमच शिरले. भिंतीचा फुगवटा आतून अधिक स्पष्ट दिसत होता. त्यांची नजर सवयीने तपासणीला लागली. नव्या भेगेच्या खाली, ओट्याच्या पातळीला, ओलीची एक जुनी रेघ होती. तिच्यावर रंगाचे हात बसलेले होते, एकाहून अधिक.

"ही ओल एप्रिलची?" त्यांनी विचारले.

"एप्रिलची कसली, भाऊ," मैमुनाबी म्हणाल्या. त्या मोदकाचे ताट ठेवायला ओटा पुसत होत्या. "ती जुनी. तुमचे बाप्पा गेले की दरसाल यायची. थोड्या दिवसांनी आपणच सुकायची. मग मुलगा रंग मारून जायचा."

"दरसाल?"

"पहिली एक-दोन सालं नव्हती. मग तुमच्याकडं गाड्या वाढल्या, तशी ओल वाढली." त्या हसल्या. "मुलगा म्हणाला, वरच्या एसीचं पाणी असेल. मी म्हटलं, असेल."

सुहासिनीबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. "मैमुनाबी, तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत. आम्ही खड्डा दुसरीकडे केला असता."

"देवाचं पाणी ते, वैनी. त्याची तक्रार मी करू? आणि त्याच हप्त्यात तुम्ही ताट घेऊन यायच्या. तोंड गोड केल्यावर पाहुण्याला भिंतीची ओल कुणी दाखवतं का?"

मैमुनाबींनी एक मोदक फोडून त्यावर तूप घातले आणि बशी गुणवंतरावांपुढे सरकवली. ते उभेच होते.

शेजारधर्म ही मोठी गोष्ट आहे, आणि परक्या देशात तर त्यावाचून जगता येत नाही. पण त्याला एक मर्यादा आहे, आणि ती त्याच्या चांगुलपणातच आहे. जे विचारल्याने समोरचा दुखावेल ते शेजारधर्म विचारत नाही. वरच्यांनी विचारले नाही की आमच्या पाण्याचा तुम्हाला त्रास होतो का, कारण ते पाणी पवित्र होते. खालच्यांनी सांगितले नाही, कारण त्याही ते पवित्र मानत होत्या. इतका परस्पर आदर नसता तर ती ओल पहिल्याच वर्षी भांडणाचे कारण झाली असती आणि उतार वाचला असता. समाजाला परवाना आणि पाहणी यांसारख्या कोरड्या गोष्टी लागतात त्या अशासाठी. येथे कोणी खणले काय, हा उद्धट प्रश्न कोणीतरी परक्याने, शेजारधर्माची भीड न बाळगता, विचारावा लागतो. तो विचारला गेला होता. त्याचे उत्तर खोटे दिले गेले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गुणवंतराव कार्यालयात गेले. जमाल रांगेच्या आराखड्यासाठी तिथे आलेलाच होता. त्यांनी दोघांपुढे सारे सांगितले: खड्डा कुठे होता, केवढा होता, किती टब रिते होत. ज्यांचे टब होते त्यांची नावे तेवढी सांगितली नाहीत. कोणी ती विचारलीही नाहीत.

संपदाने पुढ्यातली फाइल मिटली. "काका, आता का सांगताय? रो-प्लॅन जवळजवळ अप्रूव्ह होतोय. विंटरनंतर काम सुरू होणार होतं."

"उस प्लान की दीवार मेरे पीछे किस पर खड़ी होगी?" गुणवंतरावांनी जमालला विचारले. "नीचे खोखला है. आप ने ऊपर की मिट्टी का हिसाब लगाया है."

जमालने मान हलवली. "खोखले पर दीवार नहीं टिकेगी. पहली बारिश में नीचे वालों पर जाएगी."

"म्हणून आता सांगतोय," गुणवंतराव म्हणाले.

"साब, उसी दिन बोल देते," जमाल म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. "मालिक की खुदाई होती तो अलग केस बनता. छोटा परमिट. इस मौसम से पहले आप की दीवार खड़ी हो जाती."

"आणि आता?"

उत्तर संपदाने दिले. जुना अहवाल मागे घ्यावा लागणार. त्यातला एक जबाब चुकीचा निघाला म्हणून साऱ्या रांगेची माती पुन्हा तपासावी लागणार. तोपर्यंत सगळ्यांचेच काम थांबणार. मग तिने आवाज खाली आणला. "काका, मी हे ऐकलंच नाही असं समजू का? सिरियसली. तुम्ही चहा प्यायला आला होतात."

गुणवंतरावांनी खिडकीबाहेर पाहिले. त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन मार्ग होते, आणि दोन्ही मार्गांवर हिवाळ्याचा पाऊस भिंतीच्या आधी येत होता. फरक एवढाच, की एका मार्गाने गेले तर पुढे कधीतरी पोकळीवर भिंत उभी राहणार होती आणि त्या भिंतीखाली मैमुनाबी.

"लिही," ते म्हणाले.

वरच्या रांगेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजाऱ्यांपैकी कोणी भांडले नाही, एकाने मात्र फाटकाशी गाठून शांतपणे म्हटले, "पारनाईकसाहेब, ऑनेस्टी चांगलीच. पण टायमिंग कुणाला विचारून ठरवलंत?" मैमुनाबींचा मुलगा आईला देऱ्याला न्यायला आला. तिथली त्याची जागा दोन खोल्यांची, जिने उभे. त्या म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना विचार. शेवटी तडजोड अशी झाली की त्यांनी पुढच्या खोलीत विजेची शेगडी मांडून घ्यायची आणि स्वयंपाकघराचे दार लावून ठेवायचे. भांडी आतच राहिली. किटलीही राहिली; चहापुरते आत जाऊन यायला काय हरकत आहे, असे त्या म्हणत.

डिसेंबरात पावसाचा इशारा आला. गुणवंतरावांनी प्लास्टिकचे मोठे कापड आणले आणि संपदाला फोन केला.

"नुसतं झाकू का? मातीला हात न लावता?"

"झाका. पण खुंट्या ठोकू नका, काका. ठोकलं की ते खणणं धरतात."

मग नवराबायकोने कापड पसरले आणि त्यावर घरातली जड वस्तू मिळेल ती आणून ठेवली: तांदळाची गोणी, जुना मिक्सर, लोखंडी तवा, मिहिकाचे व्यायामाचे डंबेल्स. तरी एक कोपरा वाऱ्याने उचलला जात होता. सुहासिनीबाई पडवीत गेल्या आणि गणपतीच्या मातीची बादली घेऊन आल्या. गाळ वाळून दगड झाला होता. क्षणभर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी ती बादली कोपऱ्यावर ठेवली.

पाऊस दुपारी आला. एप्रिलच्या मानाने तो काहीच नव्हता, पण त्याच्या पुढे वारा होता. तांदळाची गोणी आधी घसरली. मग कापड फुगले, बादली कलंडली आणि सारे एकदम खाली गेले. वरून पाहताना आवाज फारसा आला नाही. मैमुनाबींची भिंत आतल्या बाजूला झुकली आणि जिथे स्वयंपाकघर होते तिथे उतार शिरला.

गुणवंतराव वळसा घालून धावत खाली पोचले. मैमुनाबी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर शाल, पायांत चपला. त्यांना काही झाले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून माती आत येऊन पसरली होती. रेतीच्या तांबूस ढिगात शाडूचे पांढरट तुकडे दिसत होते. गुणवंतराव खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागले.

"साब, नहीं," मागून पहारेकरी म्हणाला. तो भिजलेला होता आणि बोलणे त्यालाही अवघड जात होते. "मिट्टी मत उठाइए. पहले फोटो, फिर परमिट. ऑफिस का ऑर्डर है."

गुणवंतरावांचे हात थांबले. ती माती त्यांची होती. हद्दीच्या रेषेने, कराराने आणि आणखीही एका अर्थाने. दुसऱ्याच्या घरात शिरलेली आपली माती बाहेर काढण्याची अनुमती मात्र त्यांना मागावी लागणार होती, आणि त्या अनुमतीची वाट कुठून कुठे जाते हे त्यांना आता पुरते माहीत होते.

"राहू द्या, भाऊ," मैमुनाबी म्हणाल्या. "ती माझी किटली तेवढी निघते का पाहा. दारालगतच होती."

पहारेकऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. गुणवंतरावांनी बोटांनी चाचपून किटलीचा कान शोधला आणि ती हळूहळू सोडवून बाहेर काढली. ती काठोकाठ मातीने भरलेली होती. कुठे रिकामी करावी ते त्यांना कळेना. अखेर त्यांनी ती तिथेच, त्या ढिगावर, उपडी केली, आणि पहारेकऱ्याने त्याचाही फोटो काढला.